पाटासकट गाडी

शामरावतात्यांनी त्यांच्या चारचाकी गाडीचा भाव कधी तोंडाने सांगितला नाही. गाडी बघायला कुणी आलं की ते खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकायचे आणि खालून त्याची बोटं दाबायचे; जितकी बोटं, तितका आकडा. बैलबाजारात भाव असाच ठरतो, आजूबाजूच्यांना कळू न देता. तात्यांचं आयुष्य बैलांच्या दलालीत गेलेलं. पण इथे आजूबाजूला कोण? मी आणि आमची शेळी.

कागलच्या एमआयडीसीतला एक तरुण तर घाबरलाच. "तात्या, हात सोडा की! लोकं बगत्यात."

"बगू देत की. आकडा दिसतोय व्हय त्यास्नी?"

तात्या आमचे शेजारी. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं त्यांना वाटतं. नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, मोबाईलवर जाहिरात टाक. उभ्या उभ्या गंजून जाईल ती. पर खोडी पयल्या लिव."

"तात्या, आधी गुण लिहूया का?"

"गुण घेणारा बगंल की. खोड इकणाऱ्यानं सांगाय पायजे."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: चढाला धापा टाकते. वायपर एकाच बाजूचा पुसतो. रिव्हर्सला रुसते. अशी जाहिरात वाचून कोण येणार, असं मला वाटलं. पण माणसं येत राहिली. इतकं खरं सांगणारा माणूस बघायलाच काहीजण येत असावेत. तात्या त्यांना आधी चहा पाजायचे, मग बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "बगा पावणं, अंगावर हात ठेवला की कशी गप ऱ्हाती." गाडी बंदच असायची, त्यामुळे गप्प राहायचीच. तरी पाहुणे मान डोलवायचे, आणि खरं सांगते, मीही डोलवायचे.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत नव्हती. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर, पायांपाशी, एक बुटका लाकडी पाट स्क्रूने पक्का बसवलेला होता. मी चाचरत विचारलं, "तात्या, हीपण खोड लिहू?"

 तात्या म्हणाले, "ती खोड न्हवं."

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं. टॉवेलाखाली बोटं जुळत यायची, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक सहज म्हणायचं, "तेवढं लाकूड काढून टाका म्हंजे झालं." की तात्या टॉवेल ओढून खांद्यावर टाकायचे. "जमत न्हाय पावणं. ऱ्हाऊ दे." मोटारीतून आलेला एक व्यापारी तर दारातूनच ओरडला, "अवो, सांगशिला तो भाव देतो!" तात्यांनी त्याला आणखी एक चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग एका रविवारी गडमुडशिंगीहून एक दूधवाला आला. सोबत त्याची आई, जेमतेम त्याच्या खांद्याएवढी. मुलगा इंजिन बघत होता, तोवर म्हातारी न विचारता त्या सीटवर जाऊन बसली आणि आतून ओरडली, "आरं बाबू, हितं पाय टेकत्यात की माजं! तुज्या मामाच्या गाडीत नुसतं लोंबतंय बग."

तात्यांनी टॉवेल काढला. हात आत गेले. दूधवाल्याचे डोळे मोठे झाले. "तात्या, एक बोट विसरलासा काय?"

"न्हाय विसरलो. पाट काढायचा न्हाय, एवढंच."

"काढतोय कशाला? आई मारंल मला."

गाडी गल्लीच्या तोंडाला वळताना म्हातारीचं डोकं काचेतून कसंबसं दिसत होतं. तात्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचंही तेवढंच दिसायचं. दर पौर्णिमेला दोघं नृसिंहवाडीला निघायची, तेव्हा मी दारातून हात करायचे. काकू जाऊन दोन वर्षं झाली. हे सगळं मला माहीत होतं, पण पाटाशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

तात्या रिकाम्या जागेकडे बघत टॉवेलाची घडी घालत होते.

"टेकलं न्हवं पाय?" त्यांनी मला विचारलं. "तू बगितलंस न्हवं? नीट टेकलं हुतं?"

"व्हय तात्या," मी म्हणाले. "नीट टेकले होते."