सुनेच्या चारित्र्याचा एकमेव साक्षीदार

"काही काळजी करू नको. पोलिसांचा दाखला म्हणजे पंधरा मिनिटांचं काम!" काकासाहेबांनी फोनवर मुलाला ठणकावून सांगितलं, आणि मग स्वतःच दचकले. एकोणचाळीस वर्षं केदारखेड्याच्या वाचनालयात पुस्तकं देता-घेता त्यांनी इतकं ठाम विधान कधी केलं नव्हतं. चहात साखर कमी आहे हेसुद्धा ते 'बहुतेक' म्हटल्याशिवाय सांगत नसत!

मुलगा हरिओम मेलबर्नला होता. शिक्षण संपलं होतं, आता तिथंच राहून नोकरी करायच्या व्हिसाचा अर्ज भरला होता आणि त्यात बायकोचं, म्हणजे प्रियदर्शनीचंही नाव घातलं होतं. पण तिकडच्या सरकारला नुसता नवरा सज्जन असून भागत नाही. बायकोवरही कुठला गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला हवा, तोही पंचवीस तारखेच्या आत! नाहीतर तो तिथे आणि ती इथे. अशी दोन वर्षं आधीच गेली होती.

बुधवारी पोलीस चौकशीला येणार होते. काकासाहेबांनी गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. आपल्या घरी पोलीस येणार, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि ते सकाळी दहालाच एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. खाकी दिसली की नमस्कार करायचा आणि मानानं घरी आणायचं, असा बेत!

खाकी काही दिसली नाही. कशी दिसणार? हवालदार संघपाल साध्या कपड्यांत मोटारसायकलवरून मागच्या रस्त्यानं थेट गल्लीत शिरले होते.

दीड तासानं काकासाहेब घामाघूम होऊन परतले, तर गल्लीत सभाच भरलेली! शेजारचे लालमियाँ धावतच पुढे आले.

"काकासाहेब, बिलकुल घाबरू नका. परतवून लावला त्याला!"

"कुणाला?"

"पोलिसाला! सुनबाईचं नाव घेऊन विचारत फिरून राह्यला होता. कुठं राहती, वागणूक कशी हाय. मी म्हणलं, असली बाई या गल्लीतच न्हाई!"

"मी तर म्हणलो, आल्ती कधीकाळी," तातेराव किराणेवाले म्हणाले, "पण तिचं माहेर मंठ्याला, मंग गेली तिकडंच कायमची!"

"आन् मी सुनबाईला आमच्या धान्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली!" समोरच्या मीनाबाईंना तर आनंद मावेना. "आतून ओरडत होती, मावशी उघडा, माझंच काम हाय! पण मी काय उघडती?"

काकासाहेब ओट्यावर बसले ते ओल लागलेल्या पुठ्ठ्यासारखे. "तो दाखल्याच्या चौकशीलाच आला होता," असं ते पुटपुटले. कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा पुटपुटले. शेवटी त्यांच्या बायकोनं, तेवढ्यात गिरणीवरून परतलेल्या सगुणाबाईंनी, तेच वाक्य असं ओरडून सांगितलं की वेशीपर्यंत पोचलं!

मग काय, अख्खी गल्ली तातेरावांच्या टेम्पोत बसून ठाण्यावर!

"म्हणजे ही बाई तिथं राहती?" संघपालांनी विचारलं.

"राहती!" अकरा जण एका सुरात.

"मंग सकाळी काय सांगितलं मला?"

अकराही जण छताचा पंखा बघू लागले.

"हे बघा," संघपाल म्हणाले, "पोलीसपाटलांची सही झाली. आता एक शेजारी साक्षीदार पाहिजे. पण तुम्ही सगळे तोंडावर खोटं बोललात. तुमच्या शब्दाचं मी काय लोणचं घालू? उद्या दुपारी अहवाल जाणार. खरं बोलला तो एकच माणूस. म्हणला, राहती की! आत्ता मीनाबाईच्या घरात कोंडून ठेवलीय, जाऊन बघा. मी गेलो, तर या बाई दारात मुसळ घेऊन उभ्या!"

"कोण म्हणलं असं?"

"अण्णासाहेब."

टेम्पोचं चाक बसावं तसे सगळ्यांचे चेहरे बसले. गल्लीच्या टोकाला राहणारे अण्णासाहेब आणि काकासाहेब अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते! पुस्तकं परत न करणाऱ्यांची नावं काकासाहेबांनी एकदा वाचनालयाच्या फळ्यावर लिहिली होती. पहिलंच नाव अण्णासाहेबांचं. काकासाहेबांच्या आयुष्यातलं ते एकुलतं एक धाडस!

संध्याकाळी सगुणाबाईंनी मागून ढकलत त्यांना अण्णासाहेबांच्या अंगणात आणलं.

"या," बाजेवरून अण्णासाहेब म्हणाले. "पुस्तक न्यायला आल्ते का?"

"नाही... म्हणजे... सुनेसाठी साक्ष..."

"देतो की! पण माझा हात थरथरतो. मी सांगतो, तुम्ही लिहा. आन् खरं तेच सांगणार. एक शब्द बदलायचा न्हाई!"

काकासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहा. मी या घरावर अकरा वर्षं नजर ठेवून आहे. काहीतरी वाईट सापडावं अशी माझी मनापासून इच्छा होती. परंतु सून प्रियदर्शनी हिच्यात एकही दोष सापडला नाही."

काकासाहेबांचे डोळे भरून आले. असं तर त्यांनी स्वतःही लिहिलं नसतं!

"पुढं लिहा. सासरा मात्र भित्रा आणि घुमा असून घरात त्याचं कुणीही ऐकत नाही. अशा माणसाच्या घरात राहूनही या मुलीनं कधी आवाज चढवला नाही, यावरूनच तिच्या चारित्र्याची कल्पना यावी."

लेखणी थांबली.

"काय झालं?"

"घुमाच्या जागी 'मितभाषी' चालेल का?"

"न्हाई!"

काकासाहेबांनी वळणदार अक्षरात 'घुमा' लिहिलं. अण्णासाहेबांनी थरथरती सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघपालांनी तो कागद मोठ्यानं वाचला. ठाण्यातलं सगळं काम थांबलं. तक्रार द्यायला आलेला एक माणूस तर आपली तक्रारच विसरला!

"वैऱ्यानं दिलेली साक्ष! याच्याहून पक्की मी नोकरीत बघितली न्हाई," संघपाल म्हणाले. "आजच पाठवतो, दाखल्याची काळजी सोडा. पण हे अक्षर कुणाचं?"

"माझं," काकासाहेब म्हणाले.

"सासरा म्हणजे तुम्हीच ना? मंग यात लिहिलंय ते तुम्हाला मान्य हाय?"

काकासाहेबांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, तोंड उघडलं.

"अगदी बराबर हाय, साहेब!" मागून सगुणाबाई म्हणाल्या. "मारा शिक्का!"