दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस

शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांना सांभाळणारं बाईंचं केंद्र त्या दिवशी तपासलं जाणार होतं. नवे निकष आले होते. खिडक्यांना जाळ्या हव्यात, त्या होत्या. गोष्टीची पुस्तकं हवीत, तीही होती, थोडी कुरतडलेली. घोडं अडलं ते एकाच निकषावर: दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. मुलं चाळीस आणि माणसं दोन, बाई आणि त्यांचे यजमान. त्यातले यजमान जेवण झालं की खुर्चीत मान टाकायचे, त्यामुळे त्यांना अख्खं माणूस धरावं का, अशी बाईंनाच शंका होती. नापास झालं तर केंद्राला कुलूप लागणार होतं.

शेजाऱ्यांनी काखा वर केल्या. मग बाईंनी दोन पालकांना गळ घातली, एक दिवस रजा काढा आणि तासभर शिक्षक व्हा. एक होती कपड्यांच्या कारखान्यातली शिलाईवाली, दुसरा बसचा ड्रायव्हर. मुलांना बजावलं, आज आई-बाबा नाही, मॅडम आणि सर म्हणायचं. मुलं एरवी कुणाचं ऐकत नाहीत, पण हे त्यांनी मनावर घेतलं.

पण बातमी फुटली. त्याची आई येणार तर माझी का नाही, असा घरोघरी हट्ट सुरू झाला. कुणी जेवेना, कुणी दप्तर उचलेना. अखेर दोनाच्या जागी वीस पालक हजर झाले. रोज आदळआपट करणारी कार्टी आज आपापल्या आईबापाच्या मांडीवर चिकटून बसली होती, आणि उरलेली कोपऱ्यात तोंड पाडून.

तपासनीस साहेब आधी खूश झाले. मग त्यांनी शिलाईवालीच्या मांडीवरच्या मुलाला विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या आमच्या मॅडम," तो इमानदारीत म्हणाला. "आमच्याच घरी राहतात."

बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "आईबाप भरदुपारी एवढे मोकळे असतील, तर हे केंद्र हवंय कशाला?"

"मोकळे कुठले, साहेब," शिलाईवाली म्हणाली. "आजचा पगार कापला जाणार. उद्या सगळे कामावर."

"मग उद्या इथे मोठी माणसं किती?"

काय सांगणार, कपाळ! खरं बोलावं तर माणसं कमी आणि खोटं बोलावं तर केंद्रच नको. बाईंना रडू आवरेना. साहेबांनाही वाईट वाटत होतं, पण निकष काही त्यांनी केले नव्हते. उद्यापासून बंद, असं सांगून ते खाली मान घालून निघून गेले.

मोठ्यांचे चेहरे पडले. उद्या मुलं ठेवायची कुठे, हाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडावर. मुलं मात्र टाळ्या पिटत होती.

"उद्यापासून बंद? म्हणजे उद्यापण तू माझ्याजवळच?" शिलाईवालीच्या पोराने तिच्या गळ्यात हात टाकून विचारलं.

तिने त्याचे हात हळूच सोडवले आणि त्याचं दप्तर उचललं.

"चल," ती म्हणाली, "चपला घाल."