भिंतीपलीकडचे लोक

राजेंद्र दाभाडे यांनी रविवारच्या भटकंतीचं ठिकाण शेवटपर्यंत गुप्त ठेवलं होतं, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शहराच्या टोकाला, हर्सूलच्या पुढं 'हरितविहार' नावाची रो-हाउसची सोसायटी आहे. नावात हिरवळ, आत पेव्हर ब्लॉक. पुंडलिकनगरातली गजबज सोडून राजेंद्रराव इथं मोकळ्या हवेसाठी राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या. "माणसं पार महाबळेश्वरला जातात, पण घराजवळचं काही बघत नाहीत," हे त्यांचं लाडकं वाक्य. हर्सूलचा तलाव मात्र त्यांनी आजवर गाडीच्या काचेतूनच पाहिला होता, तोही सिग्नल लागला म्हणून.

आता अशा माणसाला भटकंतीची हुक्की का आली? तर त्या रविवारी संध्याकाळी सोसायटीचा अध्यक्ष निवडायचा होता. राजेंद्ररावांना ते पद मनापासून हवं होतं. कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी कसली परवानगी मागितली नव्हती, आणि त्याविना त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. समोर उभे होते रामप्रसाद. हे वाळूजच्या कारखान्यात नोकरी करून, बजाजनगरातून इकडं आलेले. डोंगर चढतानाचे फोटो ग्रुपवर टाकून त्यांनी बरीच माणसं वश केली होती. राजेंद्ररावांच्या हाती एकच हुकमी पत्ता होता. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडं मुरमाची जुनी खदान आहे, तिच्यात वर्षभर पाणी साचतं. ती बुजवून तिथं गाड्यांसाठी पार्किंग करायचं, ही त्यांची योजना. मागच्या बैठकीत सगळ्यांनी हात वर करून ती उचलून धरली होती. आज शेवटचा होकार मिळाला की सोमवारी जेसीबी येणार होता. पार्किंग तर झालं, पण डोंगराच्या फोटोंना उत्तर हवंच, म्हणून ही भटकंती.

सकाळी मंडळी निघाली. राजेंद्ररावांनी पिवळी टोपी घातली होती आणि फोनवर कुठल्याशा टेकडीचं ठिकाण लावून ठेवलं होतं. मोठा रस्ता सुटला, तलावाची बाजू गेली, शेतं लागली आणि फोननं मान टाकली. आता विचारायचं कुणाला? विचारलं तर अध्यक्षपद गेलंच. तेव्हा प्रत्येक फाट्यावर ते क्षणभर डोळे बारीक करून हवेचा वास घेत आणि ठामपणे डावीकडं वळत. सतत डावीकडं वळणारा माणूस कुठं पोचतो, याचा विचार त्या टोपीखाली कुणी केला नाही.

फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चांगलंच चढलं. रामप्रसाद गुडघा चोळायला लागले. आणि तेवढ्यात बाभळींच्या मागून एकदम पाणी दिसलं. निळं, निवांत पाणी. काठावर गवत, पाण्यात पांढरे बगळे, एका बाजूला मुरमाचा तांबूस कडा आणि त्यावर कडुलिंब वाकलेला. सगळे तिथंच थांबले. "हीच ती जागा," राजेंद्रराव म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

अंबिकाताई तर हरखून गेल्या. या निवृत्त शिक्षिका, बोलताना समोरचा अजून सहावीत आहे असं धरून चालणाऱ्या. त्यांनी प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगितलं. बगळा सोडून एकही बरोबर नसावं, पण हरकत घ्यायची कुणाची छाती नव्हती. रामप्रसाद गुडघा विसरून दगडावर चढले. आपल्या शहरात असं काही आहे हे आपल्याला ठाऊकच नाही, आपण कसले कपाळकरंटे, असं जो तो म्हणायला लागला. दाभाडेंना मानलं पाहिजे, असंही दोघंतिघं बोलले. राजेंद्रराव कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघत उभे राहिले. आता संध्याकाळची काळजी नव्हती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. रूपालीताईंना चालायचा कंटाळा, त्या घरीच थांबल्या होत्या.

"अहो, कुठवर पोचलात?"

"लई लांब," राजेंद्रराव ऐटीत म्हणाले.

"बरं, ऐका. मागच्या खदानीत कुठली तरी माणसं घुसलीत. फोटो काढतायत. एकानं तर तुमच्यासारखीच पिवळी टोपी घातलीय आणि कमरेवर हात ठेवून उभा आहे. ध्यान आहे नुसतं."

राजेंद्ररावांनी कमरेवरचा हात काढला.

"आता हात काढला त्यानं," रूपालीताई म्हणाल्या.

राजेंद्ररावांनी हळूच मान वर केली. कडुलिंबाच्या फांद्यांमागं एक उंच, गिलावा न केलेली भिंत होती. भिंतीच्या वर, गच्च्यांवर काळ्या टाक्यांची रांग होती. दोरीवर त्यांचाच पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत होता आणि पायजम्याशेजारी कानाला फोन लावून रूपालीताई उभ्या होत्या. आपल्या घराची पुढची बाजू माणूस रोज बघतो, पाठ कोण बघतो? आणि ही खदान त्यांनी आजवर डास येतात म्हणून लावलेल्या जाळीतून, नाक दाबूनच पाहिली होती.

"मीच आहे तो," ते फोनमध्ये पुटपुटले.

रूपालीताई कठड्यावरून वाकल्या. मग म्हणाल्या, "मग घरीच या की. पोहे टाकते. भिंतीला शिडी लावू का?"

"शिडी नको. हात हलवू नको. खाली जा तू."

 हे रामप्रसादला कळलं तर? सगळ्या सोसायटीला दोन तास उन्हात फिरवून सोसायटीच्याच मागं आणलं, ही गोष्ट तो नातवंडांना सांगेल. जन्मभर हेच ऐकावं लागेल. सुदैवानं बाकीच्यांचं लक्ष पाण्याकडं होतं, निदान राजेंद्ररावांना तसं वाटलं. थोड्याच वेळात भिंतीवरून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. "कुणाकडं तरी पोहे होतायत," अंबिकाताई डोळे मिटून म्हणाल्या. "खेड्यातली माणसं सुखी हो." राजेंद्ररावांनी टोपी आणखी खाली ओढली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण बाभळींतून शेळ्या आल्या आणि शेळ्यांमागं कस्तुराबाई आली. डोक्यावर पदर, हातात काठी. बाजूच्या वस्तीवरची ही बाई रोज इथं शेळ्यांना पाण्यावर आणायची आणि राजेंद्रराव रोज वरच्या खिडकीच्या जाळीतून तिला हाकलायचे. तिनं त्यांना टोपीसकट ओळखलं.

"काय सायेब, रोज वरून हाड हाड करता, आज खालीच उतरले व्हय?"

राजेंद्ररावांनी तिला जवळजवळ ओढतच बाजूला नेलं. आपण कुठले हे या लोकांसमोर बोलू नको, नाव घेऊ नको, म्हणून विनवलं. कस्तुराबाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. हा माणूस काहीतरी करून लपायला आलाय, असंच तिला वाटलं असावं.

"नाय बोलत," ती म्हणाली. "पर माझ्या शेरडांचं पानी बुजवू नका. तेवढं करा."

"नाही बुजवणार," राजेंद्ररावांनी सांगून टाकलं. त्या घडीला तिनं घर नावावर मागितलं असतं तरी ते हो म्हणाले असते.

ती परत येते तोवर अंबिकाताई एका करडाला कडेवर घेऊन फोटो काढत होत्या. "मावशी, किती भाग्यवान तुम्ही," त्या म्हणाल्या. "अशी जागा रोज बघायला मिळते."

कस्तुराबाईनं सगळ्यांच्या तोंडाकडं एकवार पाहिलं. मग शब्द न चावता म्हणाली, "जागा लई चांगली हाय, पर राहतीय कुठं. भिंतीपलीकडचे लोक बुजवणार हायत. गाड्या लावायच्यात म्हणं त्यायला. मुक्या जितराबाचं पानी तोडायला लाज कशी वाटत नाय?"

मंडळी खवळली. अंबिकाताईंनी तर करडू खाली ठेवलं. घरामागं एवढं वैभव असून ज्यांना ते दिसत नाही, ते शिकलेले अडाणी, असं त्या म्हणाल्या. रामप्रसाद म्हणाले, असल्या लोकांना याच पाण्यात बुचकळून काढलं पाहिजे. सगळ्यांनी राजेंद्ररावांकडं पाहिलं. सहलीचा म्होरक्याच गप्प कसा?

"नालायक आहेत सगळे," राजेंद्रराव म्हणाले. ते पुरेना, तेव्हा पुढं बोलावं लागलं. "आणि ज्याच्या डोक्यातून हे निघालं असेल, तो तर एक नंबरचा गाढव."

"व्हय," कस्तुराबाई समाधानानं म्हणाली.

परतीची वेळ झाली. घर भिंतीपलीकडं, आणि राजेंद्ररावांना मंडळी न्यायची होती पुन्हा सगळ्या वाटेनं. आता कुणीतरी विचारणार, जवळचा रस्ता नाही का? पण नवल म्हणजे कुणीच विचारलं नाही. "आल्या वाटेनंच जाऊ, मजा येते," लंगडत लंगडत रामप्रसादच म्हणाले. अंबिकाताई एवढा वेळ चौफेर फोटो काढत होत्या, आता त्या खाली मान घालून सगळ्यांच्या पुढं झपाझप निघाल्या. उन्हात घामाघूम होऊन, जिभा बाहेर काढत सगळे दुपारी हरितविहारच्या फाटकातून आत आले. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

संध्याकाळी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बैठक भरली. पहिला विषय पार्किंगचा. राजेंद्रराव उभे राहिले. आपलीच योजना आपल्याच तोंडानं कशी मारायची, हे त्यांनी दुपारभर घोकलं होतं. खर्च, डास, जमिनीचा पोत, काहीबाही ते बोलत सुटले, आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष फाटकाकडं गेलं. तिथं कस्तुराबाई उभी होती. मागं दोन शेळ्या.

सकाळी तिच्या करडाला कडेवर घेतलेल्या अंबिकाताई आकाशाकडं बघायला लागल्या. रामप्रसादांना एकाएकी बुटाची नाडी सुटल्याचा भास झाला. त्यांनी चपला घातल्या होत्या.

"सायेब म्हणले होते नाव घेऊ नका, म्हणून सकाळी नाय घेतलं," कस्तुराबाई हात जोडून म्हणाली. "पर मला राहवलं नाय. म्या तुमच्या तोंडावर तुमाला बोलले, लाज वाटत नाय का म्हणले. दुसरी मानसं असती तर काठीनं मारलं असतं. तुमी समद्यायनी मान डोलावली, वरून सवताला आनखी चार शिव्या दिल्या. अशी मनानं मोठी मानसं म्या जन्मात पायली नाय."

एवढं बोलून, सगळ्यांना नमस्कार करून ती गेली. एक शेळी जाता जाता कुंडीतली शेवंती खाऊन गेली, पण तिला हाकलायला कुणीच उठलं नाही.

 राजेंद्रराव कबुली देणार, तोच रामप्रसादांनी हात वर केला. "असू द्या दाभाडे. मला माझी टाकी दिसली होती. झाकणावर वीट ठेवलीय ना, ती."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी शिव्या देऊन झाल्या आणि मग टाकी दिसली. आता काय बोलायचं? आणि तुम्ही तर गाढव वगैरे इतकं मनापासून म्हणत होता, मध्ये तोंड कसं घालायचं?"

मग एकेकाला वाचा फुटली. कुणाला आपली टीव्हीची डिश दिसली होती, कुणाला सासूबाईंचं लुगडं. खदान बुजवायची नाही हे न बोलताच ठरलं. मागच्या भिंतीला एक लहानसं दार पाडावं, हेही ठरलं. राहिला अध्यक्ष. रामप्रसादांनी स्वतःचं नाव मागं घेतलं आणि सांगितलं की दाभाडेच होऊ द्या. हा माणूस वाट चुकतो, पण सगळ्यांना बरोबर घेऊन चुकतो आणि शेवटपर्यंत कबूल करत नाही, अध्यक्षाला आणखी काय यावं लागतं. टाळ्या पडल्या. राजेंद्ररावांना आनंद व्हावा की वाईट वाटावं हे कळेना, म्हणून ते नुसतेच हसले.

रूपालीताई इतका वेळ मागं उभ्या राहून ऐकत होत्या. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "मग त्या उन्हात एवढं परत चालत कशाला आलात?"

 सगळे अंबिकाताईंकडं बघायला लागले, कारण उत्तरं द्यायची सवय त्यांनाच होती. अंबिकाताईंनी पदर सारखा केला.

"रूपाली," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळचे पोहे थोडे उरलेत का गं?"