कृष्णातचा तीस इंची बार

यंत्र म्हटलं की कृष्णातला कुणी काही शिकवायला जायचं नाही, असा उचगावचा नियम होता. नियम कृष्णातनंच केला होता! बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अर्धं आयुष्य घालवलेला माणूस. मिक्सर बिघडो, पाण्याची मोटर बसो, शेजारच्या म्हातारीची कवळी सैल होवो, कृष्णात पान्हा घेऊन हजर! कवळीचं पुढं काय झालं ते म्हातारी अजून स्पष्ट सांगू शकत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर या कृष्णातनं नोकरी सोडली आणि झाडं तोडायची कामं घ्यायचं ठरवलं. मेहुणा भरमा आधीपासून त्याच धंद्यात होता. पहिलं काम मिळालंसुद्धा! हरिभाऊ म्हणून बेळगावात राहणारे एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्या उचगावच्या रानात अकेशियाची दाट लागवड होती. ती सगळी तोडायची. हरिभाऊ भलतेच शिस्तीचे. व्यसन नको म्हणून चहासुद्धा सोडलेला माणूस!

"अवो, मशीन आणाय भरमाला संगं न्या," कृष्णातची बायको सोनुबाई म्हणाली.

"त्यो कशाला? मी मशीन निवडणार आन् त्यो पिशवी धरणार व्हय?"

मशीन म्हणजे साखळीची करवत. तिची साखळी ज्या लांब लोखंडी पट्टीवरून धावते, त्या पट्टीला बार म्हणतात. हे तुम्हाला आता कळलं. भिंतीपलीकडं धुणं वाळत घालणाऱ्या अक्काताईला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि कृष्णात तर अंगणात उभा राहून भरमाशी फोनवर बोलत होता. रेंज कमी, म्हणून आवाज जास्त!

"भरमा, बार मोठाच घ्यायचा! लहान बारात काय राम न्हाय! … चालू कुठं? हरिभाऊंच्या रानातच चालू करायचा की! … अरं, सगळ्या पंचक्रोशीत असला बार कुणाचा नसंल! माणसं नुसती बघत ऱ्हायली पायजेत!"

अक्काताई महिला मंडळाची अध्यक्ष. गावातला शेवटचा दारूचा गुत्ता तिनं लाटण्याच्या जोरावर बंद पाडला होता. तिच्या हातातलं लुगडं दोरीवर अर्धंच लोंबत राहिलं आणि ती तशीच ओल्या हातांनी निघाली.

इकडं कृष्णात बेळगावच्या दुकानात पोचला.

"झाडं किती जाडीची?" दुकानदारानं विचारलं.

ते काही कृष्णातनं मोजलं नव्हतं. पण यंत्रातला माणूस 'ठाऊक नाही' कसं म्हणणार? "एवढी!" म्हणून त्यानं हवेला मिठी मारली.

"एवढी म्हणजे?"

त्यानं दुकानाच्या खांबाला मिठी मारली. खांब बारीक पडला. मग शेजारी पंपाची चौकशी करत एक धिप्पाड गिऱ्हाईक उभं होतं, त्यालाच त्यानं कवळ घातली. "याच्यापेक्षा जरा बारीक!"

"एन री इदु! काय हे!" ते गिऱ्हाईक आधी कानडीत, मग मराठीत किंचाळलं आणि दोन पावलं मागं सरकून खोरी-टिकावांत जाऊन पडलं.

दुकानदारानं त्याला उठवलं, त्याच्यासाठी चहा सांगितला आणि मग कृष्णातला समजावलं, "अकेशिया ना? फूटभर बुंधा धरा. अठरा इंची बार घ्या. हलका पडतो, दाटीत वळतो. एखादा बुंधा जाड लागलाच तर दोन्ही अंगांनी कापायचा."

"अठरा? त्येनं काय कांदं चिरू?"

"अहो, या इंजिनाला वीसच्या पुढं जड जातं. तीस इंची लावलात तर शेळीला नांगराला जुंपल्यासारखं होईल."

"तीस इंची हाय?" कृष्णातचे डोळे लकाकले.

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "आहे. पण लाकडाला लावायच्या आधी परत आलात तर बदलून देईन." त्याला गिऱ्हाइकं ओळखता येत होती.

मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बारदानात गुंडाळलेली करवत आडवी बांधून कृष्णात गावाकडं निघाला. बार एका बाजूला असा बाहेर आला होता की समोरून येणारी रिक्षा न सांगता शेतात उतरली. कृष्णातला वाटलं, मान देतोय!

घरासमोर ही गर्दी! एका बाजूला अख्खं महिला मंडळ, पुढं अक्काताई. दुसऱ्या बाजूला केस विंचरून, इस्त्रीचे शर्ट घालून आलेले चार-पाच गडी. त्यातला एक कानाशी येऊन कुजबुजला, "कृष्णात, चखण्याला काय ठेवणार हाईस?"

कृष्णातला काही कळेना. तेवढ्यात अक्काताई कडाडली, "कृष्णा, बार बंद कर!"

झाडं वाचवायला आलेल्या दिसतात, असं कृष्णातला वाटलं. "आक्का, आजून चालूच केला न्हाय, बंद कसा करू? माझं पोट हाय त्येच्यावर!"

"आन् दुसऱ्याचं वाटोळं झालं तर?"

"वाटोळं कशाचं? निम्मी तर आधीच वाकडी झाल्यात. नुसता हात लावला की पडतील!"

बायकांत एकदम कालवा उठला.

"दिवसाला किती पाडणार हाईस रं?"

"पयल्या दिवशी चाळीस. हात बसला की पन्नास आडवी!"

"आन् मग त्येंचं पुढं काय करायचं?"

"काय करायचं? तुकडं करायचं आन् टेम्पोत भरायचं!"

एक म्हातारी मटकन खालीच बसली.

आणि नेमकी त्याच वेळी हरिभाऊंची गाडी येऊन थांबली. अक्काताईनं त्यांना फोन करून बोलावून घेतलं होतं. "कृष्णात! माझ्या जमिनीत बार? उद्यापासून माझ्या एकाही झाडाला तू हात लावायचा नाहीस!"

"सर, झाडाला हात लावायचा न्हाय, तर मग बार कशाला घेतला मी?" कृष्णात रडकुंडीला आला. नोकरी सोडून धरलेलं पहिलं काम डोळ्यांदेखत चाललं होतं आणि का चाललंय तेही कळत नव्हतं!

सोनुबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. ती शांतपणे मोटरसायकलपाशी आली आणि तिनं बारदान ओढून काढलं.

"ह्यो बघा ह्येंचा बार! झाडं तोडायचा!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघतात तर ते हरिभाऊ! त्यांच्यामागून सगळी गल्ली हसत सुटली. केस विंचरलेले गडी एकेक करून पांगले.

अक्काताईला मात्र हसून चालणार नव्हतं. अख्खं मंडळ कामंधामं सोडून आणलेलं! "बरं," ती म्हणाली, "मोर्चा काढलाच हाय, तर रिकामा न्यायचा न्हाय. आमच्या मंडळाच्या हॉलमागं गुलमोहर वाळून पत्र्यावर कललाय. त्यो पाड."

"पाडून दाखव," हरिभाऊ म्हणाले. "मग माझ्या झाडांचं बोलू."

वरात हॉलमागं गेली. गुलमोहर होता एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, अशा बोळकांडीत. कृष्णातनं करवत उचलली. बारचं टोक टाकीला लागलं. फिरून उभा राहिला, तर ते भिंतीला. खाली वाकला, वर उचलली, तिरका झाला. बोळात अडकलेली एसटी पुढं-मागं करावी तसं चाललं होतं! बुंध्याला काही करवत टेकेना.

"दाजी," गलका ऐकून आलेला भरमा मागून म्हणाला, "आधी भिंत पाडूया काय?"

पुन्हा हशा. कृष्णात घामाघूम झाला. "उद्या पाडतो," एवढंच बोलून तो घरी आला.

जेवताना सोनुबाईनं विचारलं, "अठरा इंचीला काय वाईट हुतं वो?"

"लई बारकं दिसतंय गं."

"झाड काय बघाय बसतंय व्हय?"

सकाळी दुकान उघडताच कृष्णात दारात हजर. दुकानदार हसला नाही. कालचं धिप्पाड गिऱ्हाईक मात्र पंप न्यायला आलं होतं, ते त्याला बघून गल्ल्यामागं जाऊन उभं राहिलं.

अठरा इंची बार बोळकांडीत मजेत फिरला! गुलमोहराला वर दोर बांधून भरमानं चौघांच्या मदतीनं पत्र्याच्या उलट्या अंगाला ताणून धरला. कृष्णातनं पुढून खाच पाडली, मागून हळूहळू कापत आणलं. "लांब व्हा!" म्हणून ओरडला. झाड कर्रकर्र करत कललं आणि भिंतीला नाही, टाकीला नाही, बरोब्बर मधून मोकळ्या पटांगणात जाऊन पडलं!

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काताईनं स्वतः चहाचा कप आणून हातात दिला. हरिभाऊ जवळ आले आणि म्हणाले, "उद्यापासून कर सुरू माझ्याकडं."

कृष्णातची छाती भरून आली. इतकं बरं त्याला फाउंड्रीत कधी वाटलं नव्हतं. एवढ्यात सोनुबाई म्हणाली, "अवो, आपली गाडी कुठं लावलीया?"

गाडी त्यानं अगदी विचार करून लावली होती. भिंतीजवळ नको, टाकीजवळ नको, म्हणून मोकळ्या पटांगणात!

सगळे धावले. फांद्या बाजूला केल्या. दोन फांद्यांच्या बेचक्यात गाडी जशीच्या तशी उभी. फक्त आरसा गेलेला. कृष्णातनं सीट पुसली, ऐटीत टांग टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आरसा गेला तर जाऊ दे! आता मागं बघायचंच न्हाय आपल्याला!"

आणि पायानं रेटत त्यानं गाडी जोरात मागं घेतली.

"अरे, अरे!" हरिभाऊ एका पायावर नाचत ओरडले, "काम दिलंय तुला, पाय नाही दिला!"