कर्नलचा कार्यक्रम

गुणमालाक्का परसात शेवया वाळत घालत होत्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा आर्जव पपईच्या झाडाखाली उभा राहून फोनवर बोलत होता. खंडाळ्याच्या कंपनीतून तो सुट्टी काढून आला होता, कारण रविवारी तासगावात त्याची सुपारी फुटायची होती. म्हणजे लग्न ठरल्याची सुपारी. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं याच सुपारीनं अक्कांना घाम फोडला.

अक्का काही कान देऊन ऐकत नव्हत्या. त्यांना कान द्यावा लागत नाही. जे काय असतं ते आपण होऊन कानात येतं.

"कर्नलचा कार्यक्रम ह्या शनिवार-रविवारीच उरकायचा," आर्जव म्हणत होता. "सोमवारी माणूस हातातनं जातोय. बॉडी खंडाळ्यातच ठेवा. अख्खी कंटेनरात बसायची न्हाई, तुकडे करूनच धाडाय लागतील. तिकडची माणसं घेतील जोडून. आणि हे बघा, आमच्या आईच्या कानावर ह्यातलं काही जाता कामा नये."

शेवयांचं ताट अक्कांच्या हातातून सुटलं नाही एवढंच. बाकी सगळं सुटलं.

पुण्याकडे कार्यक्रम म्हणजे गाणं-बजावणं असेल. सांगलीकडे कुणाचा कार्यक्रम करायचा ठरला की त्या माणसानं चार दिवस घराबाहेर पडू नये. निवडणुकीत पाडणं असो, नाही तर उसाच्या फडात गाठून हाडं मोजणं असो, शब्द एकच. आणि कर्नल कोण, हे विचारायची गरजच नव्हती. अक्कांच्या द्राक्षबागेला लागून हंबीररावांचा ऊस होता. ते फौजेतून हवालदार होऊन परत आले. हवालदार म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून गावानं परस्पर बढती देऊन कर्नल करून टाकलं. या कर्नलनं बांध कोरून कोरून अक्कांच्या बागेत हातभर सरकवला होता आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. म्हणजे हंबीररावांशी बोलणं बंद. हंबीररावांबद्दल बोलणं रोजचं. ताटावर बसलं की अक्का आर्जवला म्हणायच्या, "त्या कर्नलचा एकदा कार्यक्रम करा रं कुणीतरी."

पोरानं ऐकलं होतं. केस काप म्हटलं तर ऐकत नाही, येताना नारळ आण म्हटलं तर विसरतो, आणि नेमकं हेच ध्यानात ठेवलं. ज्या घरात पाणी गाळून पितात, दिव्यावर किडा जळेल म्हणून दिवस बुडायच्या आत जेवून घेतात, त्या घरातलं पोरगं माणसाचे तुकडे करायला निघालं होतं. तेही आईच्या शब्दाखातर.

अक्कांनी दीर जयपाल यांना बोलावून घेतलं. जयपाल रोज पेपर वाचत, त्यामुळं घरात त्यांना मान होता. सगळं ऐकून त्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तिकडची माणसं जोडून घेतील म्हणला?" त्यांनी विचारलं. "मग हे नुसतं बांधाचं न्हाई, वैनी. माणसाचं आतलं सामान काढून भायेरच्या देशात इकत्यात. पेपरात येतंय की."

खात्री करून घ्यावी म्हणून जयपाल गोठ्याआड उभे राहिले. आर्जवचा पुन्हा फोन चालू होता. परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"धा वर्षं पार्ट पुरवायचा करार झालाय," ते म्हणाले. "आणि दिल्लीची परवानगी हाय म्हणं. पार वरपातूर हात पोचल्यात, वैनी."

"धा वर्षं? त्या हंबीररावाचा कुठला पार्ट धा वर्षं चालायचाय, भावजी? गुडघं तर आत्ताच गेल्यात."

"म्हणून तर आणिक माणसं लागणार," जयपाल म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यानं घाबरून खाली बसले.

पोलिसांत जावं तर पोरगा आत जातो आणि तासगावची सोयरीक मोडते. पोराला सरळ विचारावं, तर तो व्हय म्हणाला म्हणजे काय करायचं? अक्कांनी उठून आधी घरातले विळे, कोयते आणि बागेच्या छाटणीच्या सगळ्या कात्र्या पेटीत घालून कुलूप लावलं. सकाळी छाटणीला आलेल्या बायका बांधावर पाय पसरून बसून राहिल्या. मुकादमीण बयाबाई कात्र्या मागायला आली, तर अक्कांनी तिला विचारलं, "एक दिस द्राक्षं वाढली तर तुझ्या बापाचं काय जातंय?" बयाबाईनं गावात जाऊन सांगितलं की सुपारीच्या आधीच अक्कांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. तासगावचे नानासो, बेदाण्याचे व्यापारी, होणाऱ्या सुनेचे, भाग्यश्रीचे वडील. मोठ्या हौसेनं त्यांनी विचारलं, "अक्का, सुपारीचं पक्कं न्हवं?"

"सुपारी कुणी घेतली?" अक्कांच्या तोंडून निघालं.

नानासोंना वाटलं, सुपारी आणायची कुणी ते विचारतायत. ते म्हणाले, "आमी घेतलीया की. लय दिसापास्नं." अक्कांनी फोन खाली ठेवला आणि पदरानं मान पुसली. म्हणजे व्याहीपण यात होते.

आता एकच रस्ता उरला होता. हंबीररावांना रविवार उलटेपर्यंत नजरेखाली ठेवायचं. अक्कांनी डब्यात आमटी-भात भरला आणि ज्या दारावरून जाताना त्या तोंड फिरवत, त्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या. हंबीररावांची पोरं पुण्याला असत, घरात ते एकटेच. दारात अक्कांना बघून ते खाटेवरून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत.

"आज भायेर पडू नकासा," अक्का म्हणाल्या. "शेताकडं तर अजिबात न्हाई. आणि उद्या आमच्यासंगं तासगावला यायचं, पोराच्या सुपारीला. माझ्या नजरंसमोर ऱ्हायचं."

"का पण, अक्का?"

"का ते इचारू नका. जीव प्यारा असंल तर जेवा आणि आतनं कडी लावा."

हंबीररावांनी सीमेवर नोकरी केली होती, पण असा दम त्यांना तिथं कुणी दिला नव्हता. त्यांनी डबा उघडून वास घेतला. आमटीला लसणाचा वास नाही. जैनाच्या घरची आमटी, लसूण असणार कुठून. पण भेदरलेल्या माणसाला हे सुचत नाही. त्यांनी आमटी आधी कोंबड्याला घातली. कोंबडा मेला नाही, पण हंबीररावांची शंकाही मेली नाही. तासगावला जावं तर भीती, आणि न जावं तर ही बाई उद्या घरात काय घेऊन येईल याची जास्त भीती. शेवटी त्यांनी जायचं ठरवलं. चारचौघांत कुणी काही करत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

रविवारी जीपमध्ये अक्कांनी त्यांना आपल्या आणि जयपालच्या मधे कोंबलं. गाडी आर्जव चालवत होता. आईच्या शेजारी तिचा वैरी बसलेला बघून तो खूश झाला.

"आई, बरं केलंस कर्नलना घेतलंस ते," तो आरशात बघून हसला. "आरामात बसा, कर्नल. आजचा दिवस तुमचाच."

अक्कांनी डोळे मिटून णमोकार म्हणायला सुरुवात केली. केवढा निर्ढावला होता पोरगा. आणि जयपाल हळूहळू हंबीररावांपासून सरकत दाराला चिकटले. आणिक माणसं लागणार, हे त्यांचं त्यांनीच काढलेलं होतं.

नानासोंनी बेदाण्याचं शेड झाडून-पुसून मांडव केला होता. हंगाम नसल्यामुळं जाळ्यांचे रिकामे थर वर गुंडाळून ठेवले होते आणि खाली सतरंज्या. सुपारी फुटली, भाग्यश्रीची ओटी भरली, फोटो झाले. प्रत्येक फोटोत अक्कांनी हंबीररावांचं मनगट धरलेलं आहे. हे नवरदेवाचे कोण, असं भाग्यश्रीच्या आत्यानं दोनदा विचारलं.

पंगतीची तयारी चालली असताना आर्जवचा फोन वाजला. तो शेडच्या कडेला गेला, पण शेड पत्र्याचं. तिथं कुजबुजलेलंही घुमतं.

"कर्नल इथं? मग इथंच करू कार्यक्रम. शेडच्या मागं जागा मोकळी हाय. बॉडीपण संगंच आणा."

हंबीररावांनी मनगट सोडवून घेतलं. ते सरळ सतरंजीच्या मधोमध आले, दोन्ही टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले.

"अक्का, बांध तुमचा. जिथं म्हणशीला तिथं धोंडा रोवा, मी सही करतो. बांधावरची शेवरी तुमची, हिरीचं पाणी तुमचं. पण मला जिता घरी जाऊ द्या."

नानासोंच्या हातातली हळदीकुंकवाची तबकडी हातातच राहिली. सगळा मांडव अक्कांकडं बघत होता. अक्का आर्जवकडं बघत होत्या. आर्जवला कळेना कुणाकडं बघावं. आणि तेवढ्यात मागच्या वाटेवर धडधड आवाज करत एक गाडी येऊन थांबली. गाडीच्या मागं चार चाकांची एक भलीमोठी हिरवी पेटी जोडलेली होती.

गाडीतून आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचा एक उंच, काळाभोर, हसरा माणूस उतरला. छातीवर पदकं, बुटांवर मुरूम. आर्जव धावत गेला आणि त्याच्याशी हात मिळवून म्हणाला, "आई, हे कर्नलसाहेब."

मग सगळं उलगडायला फार वेळ लागला नाही. आर्जवची कंपनी फौजांसाठी चाकांवरचा भटारखाना बनवायची. कुठल्या देशाच्या फौजेला कसला पाहिजे, नमुना कधी दाखवायचा, दिल्लीची परवानगी कधी मागायची, इथं काय बनवायचं आणि तिकडं त्यांच्या कारखान्यात काय जोडायचं, पुढं दहा वर्षं त्याचे पार्ट कसे पुरवायचे, ही सगळी आखणी आर्जवकडं. कर्नलला ही पेटी, कंपनीच्या भाषेत बॉडी, खराब रस्त्यावर टिकते का बघायचं होतं, म्हणून कंपनीच्या साहेबांनी त्याला पेटीसकट आर्जवच्या मागं तासगावला धाडलं. खराब रस्ता वेगळा शोधावा लागला नाही.

"त्या एकेका आखणीला कंपनीत प्रोग्रॅम म्हणतात," आर्जव म्हणाला. "घरात इंग्रजी झाडलं की तू अंगावर येतीस, म्हणून मी कार्यक्रम म्हणतो."

"आणि माझ्यापासनं लपवलंस का?"

"फौजेचं सामान म्हटलं असतं तर तू नोकरी सोडायला लावली असतीस. म्हणून नुसतं गाड्या बनवतो म्हणून सांगितलं."

अक्का पेटीभोवती एक फेरी मारून आल्या. "बंदूक हाय का ह्यात?"

"चूल हाय, आई. दोनशे माणसांचा सैपाक होतो." आणि मग त्याचा आवाज खाली आला. "तुला वाटलंच कसं गं, मी माणूस मारीन?"

"तू न्हाई रं मारायचास," अक्का म्हणाल्या. "पण मी सांगितलं हुतं न्हवं."

"तू सांगितलेलं कवा ऐकलंय मी?"

हे ऐकून अक्कांच्या जिवात जीव आला. पोरगा होता तसाच होता. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि पेटीतलं मोठं भगुणं उघडून आत वाकून बघितलं. भगुणं कोरं होतं, पण अक्कांच्या मनात काहीतरी आलं आणि त्या सावकाश सरळ झाल्या.

"इचार तुझ्या कर्नलला. काय शिजवणार ह्यात?"

आर्जवनं मागं वळून बघितलं. मागं नानासो उभे, नानासोंच्या मागं त्यांची आई, आणि त्या घराण्यात तर कंदसुद्धा खात नाहीत. आर्जवनं घसा साफ करून कर्नलला इंग्रजीत विचारलं. कर्नलनं खुशीत येऊन दोन्ही हातांची बोटं डोक्यावर धरून दाखवली आणि तोंडानं "ब्या" केलं.

"काय म्हणला?" नानासोंनी विचारलं.

"शेंगा," आर्जव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "घेवड्याच्या शेंगा."

"शिंगं दाखवली की त्यानं."

"शेंगाच, मामा. त्यांच्याकडं तशा वाकड्या असतात."

इतका वेळ खांबाला टेकून उभ्या असलेल्या हंबीररावांच्या तोंडावर तेवढ्यात रंग आला. मिशीवरून हात फिरवत ते पेटीजवळ आले, भगुण्यावर टिचकी मारली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फौजेत आमी जल्मभर असल्याच चुलीवरचं खाल्लंय. अक्का, ह्यात काय शिजतंय ते मी सांगू का व्याह्यांना?"

अक्कांनी नानासोंकडं पाहिलं. भाग्यश्रीच्या हातातल्या नव्या हिरव्या बांगड्यांकडं पाहिलं. मग जी मान त्या कधीच कुणापुढं वाकवत नसत, ती त्यांनी एक बोटभर वाकवली.

"हंबीरराव," त्या म्हणाल्या, "बांध हाय तितंच ऱ्हाऊ द्या."

"आणि शेंगा?"

"शेंगाच हायत त्या. मी सोताच्या डोळ्यांनी बघितल्यात."

पंगत बसली. दोन्ही कर्नल शेजारी शेजारी बसवले होते. परदेशी कर्नलला घेवड्याची भाजी फार आवडली. हे सांगायला शब्द नव्हते, म्हणून त्यानं समोर उभ्या असलेल्या अक्कांकडं बघून पुन्हा डोक्यावर दोन बोटं धरली. सगळी पंगत दोघांकडं बघायला लागली.

अक्कांनी न थांबता डाव भरला. "आणिक शेंगा पायजेत म्हणतोय," त्यांनी पंगतीला सांगितलं आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.