वहिनी घरीच असतात

समाजाची घडी घरी असणाऱ्या माणसामुळेच टिकून असते, आणि असा माणूस हाताशी आला की त्याचा विनाविलंब लाभ घेणे हे प्रत्येक इमारतीचे कर्तव्य आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी फ्रीलान्स चित्रकार होत्या. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायच्या. ‘फ्रीलान्स’चा इमारतीने एकमताने मंजूर केलेला अर्थ असा : नोकरी नाही, बेल वाजवली की दार उघडतं. त्यानुसार तळमजल्याच्या काकांनी (निवृत्त; पण दुपारी झोपतात) त्यांच्याकडे चावी ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवली. समोरच्या ताईंनी पार्सलं सोपवली, वरच्यांनी प्लंबर आणि नवऱ्याने इस्त्रीचे कपडे. काम जड नव्हतं, फक्त संपत नव्हतं.

“वहिनी, काही करत नाही ना?” काका दारातून विचारायचे.

“उंट काढतेय.”

“मग ठीक. मला वाटलं, कामात आहात.”

उंटाचं पुस्तक सोमवारी द्यायचं होतं. नाही दिलं तर प्रकाशक पुढचं पुस्तक दुसऱ्या कोणाला देणार होता. बुधवारपर्यंत उंटाला पाय फुटले नव्हते. प्लंबर मात्र दोनदा चहा पिऊन गेला होता. वहिनींना रडूच येणार होतं, पण तेवढ्यात बेल वाजली.

गुरुवारी सकाळी वहिनी पर्स आणि डबा घेऊन निघाल्या. “नोकरी लागली,” म्हणाल्या. (कुठली, हे नवऱ्यानेही विचारलं नाही. नोकरी म्हटल्यावर पुढचं कोण विचारतं?) चाव्यांचा जुडगा काकांच्या हातात दिला, दाराला कुलूप घातलं, कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि मागच्या जिन्याने स्वयंपाकघराच्या दारातून घरात शिरल्या. पडदे ओढले, फोन बंद केला आणि पाय काढायला घेतले.

परिणाम नोंद घेण्याजोगे आहेत. काका त्यांना ‘मॅडम’ म्हणू लागले. ताई म्हणाल्या, “बरं झालं बाई, किती दिवस नुसतं बसणार?” नवऱ्याने “दमली असशील” म्हणत स्वतःचा कप विसळला. लग्नानंतर प्रथमच.

सोमवारी उंट चारही पायांवर प्रकाशकाकडे गेला. पुढचं पुस्तक हत्तीचं आहे.

इमारतीची मात्र पंचाईत झाली. काकांनी बैठक बोलावली. दिवसाढवळ्या मोकळा, विश्वासू माणूस आणायचा कुठून? बराच खल झाल्यावर निकष ठरला : कोणा बाईच्या उंटाचं काय झालं हे शेवटपर्यंत वाचायला ज्याला सवड आहे, तो.

चाव्या तुमच्या दारात ठेवल्या आहेत. प्लंबर तीनला येईल. त्याला चहात साखर जरा जास्त लागते.