गारपीट खात्याची द्राक्षं

एका जंगलात, मुलांनो, एक टेकडी होती आणि टेकडीच्या उतारावर झिपरू अस्वलाचा द्राक्षमळा होता. खायच्या द्राक्षांचा नव्हे, वाइनच्या द्राक्षांचा. वाइन तुम्ही प्यायची नाही. गोष्ट ऐकायला हरकत नाही.

झिपरूने एकेक वेल काडीपासून वाढवली होती. दसऱ्याच्या सुमाराला तो छाटणी करी आणि मग थेट फाल्गुनापर्यंत मान वर करून आभाळाकडे बघत बसे. त्याची बायको ठमाबाई म्हणे, "अहो, एवढं कधी माझ्याकडे बघितलंत का?" पण झिपरूचं काही चुकत नव्हतं. वेल लावणं अस्वलाच्या हातात असतं, पुढचं सगळं आभाळाच्या.

एका वर्षी कार्तिकात गारा पडल्या. मणी तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढे होते. अर्धे घड खाली आले. झिपरू मळ्यात फतकल मारून ओक्साबोक्शी रडला. एवढं मोठं अस्वल रडताना चांगलं दिसत नाही, पण त्याला त्याची पर्वा नव्हती.

मग गंमत झाली. लगेच कोरडा वारा सुटला आणि वेलींच्या जखमा सुकल्या. पौषात रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा लख्ख ऊन. घड थोडेच उरले होते, म्हणून वेलीचा सगळा जीव त्यांच्यात उतरला. मणी लहान राहिले, साल जाड झाली, गोडी भरली आणि आंबटपणाही टिकला.

त्या वर्षीची वाइन सिंहमहाराजांनी चाखली आणि त्यांचे डोळेच मिटले. शेजारच्या जंगलाचा वाघ पाहुणा आला होता, त्याने न विचारता तिसऱ्यांदा पेला पुढे केला. महाराजांची छाती फुगली.

"झिपरू, हे जमलं कसं?"

झिपरू भाबडा. जे घडलं ते त्याने सांगून टाकलं. "महाराज, आधी गारा पडल्या. मग कोरडा वारा आला. मग थंडी, मग ऊन. सगळं वेळच्या वेळी आलं. नशीब माझं, दुसरं काय!"

तरस प्रधान टिपून घेत होते. त्यांनी 'गारा' एवढाच शब्द टिपला. वारा, थंडी आणि ऊन यांना हुकूम सोडता येत नाही. दगड मात्र कुणालाही मारता येतो.

आठ दिवसांत राज्याचं गारपीट खातं स्थापन झालं. दीडशे माकडांची भरती झाली. गारांसाठी नदीतले गोल, पांढरे, गुळगुळीत गोटेच वापरावेत, असा नियम झाला. तिथीही ठरली. खऱ्या गारा कार्तिक वद्य पंचमीला पडल्या होत्या, तेव्हा दरवर्षी कार्तिक वद्य पंचमी.

पुढचं वर्ष वेगळंच निघालं. वर्षं वेगळीच निघतात मुलांनो, तो त्यांचा स्वभाव आहे. वेली फुलोऱ्यात असताना रिमझिम लागली आणि फुलं गळून गेली. मुळात घडच निम्मे लागले. वर आभाळ ढगांनी गच्च.

पंचमीला माकडं गोटे घेऊन हजर झाली. झिपरू मळ्याच्या वाटेत आडवा पडला.

"प्रधानजी, पाया पडतो! यंदा विरळणी आभाळानंच केलीय. आता मारलंत तर काही उरायचं नाही. असल्या हवेत जखमा सुकत नाहीत, बुरशी धरते!"

तरस प्रधान हसले. ते नेहमीच हसत. "गारांमुळे वाइन चांगली झाली, असं भर दरबारात कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणालो, पण..."

"मग आता शास्त्रात लुडबूड करू नका."

आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

माकडांनी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मन लावून काम केलं. घड गेले, पानं फाटली, कोवळ्या काड्या मोडल्या. जे उरलं ते बुरशीने खाल्लं. वाइन झाली अकरा पेले, आणि तीही अशी, की पहिल्या घोटाला महाराजांची आयाळ ताठ उभी राहिली.

चौकशी बसली. अहवाल आला. गारा कमी पडल्या, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या वर्षी गोटे दुप्पट आणि माकडं तिप्पट.

झिपरू घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. असा आणखी एक मार, की वेली मुळासकट जाणार. पुन्हा काडीपासून सुरुवात करायचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

"मी पुन्हा जातो," तो म्हणाला. "सगळं खरं खरं नीट समजावून सांगतो."

"पुन्हा?" ठमाबाई कडाडली. "अहो, खरं सांगितलंत म्हणून तर हे खातं निघालं! खरं बोलायची हौस तुम्हाला, आणि मार त्या बिचाऱ्या वेलींना!"

झिपरू चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी त्याने अंगावरचे केस विंचरले आणि तो दरबारात गेला.

"महाराज, खरं कारण आता कुठे सापडलं. वाइन उत्तम झाली त्या हिवाळ्यात आपण फार गाढ झोपला होतात. आपल्या घोरण्याने जमीन हलते, मुळं खोल जातात, गोडी तिथून येते. यंदा आपली झोप मोडली असणार."

महाराज विचारात पडले. त्या हिवाळ्यात ते झोपले होते हे खरंच होतं. ते दरवर्षीच झोपत.

"आम्हाला संशय होताच," ते गंभीरपणे म्हणाले.

"पण एकट्या महाराजांवर किती भार टाकायचा?" झिपरू हात जोडून म्हणाला. "प्रधानजींनी आणि सगळ्या खात्यांनी हातभार लावायला नको?"

त्याच दिवशी गारपीट खात्याचं निद्रा खातं झालं. छाटणी झाली की फाल्गुनापर्यंत अख्ख्या दरबाराने झोपायचं. माकडांची हजेरी घोरण्यावरून लागे. तरस प्रधान झोपेतही हसत.

त्या वर्षी हवा बेताचीच होती. थंडी उशिरा आली, मध्येच एक अवकाळी सर येऊन गेली, मग ऊन पडलं. झिपरू रोज मणी चाखून बघे, बी चावून बघे. बी तपकिरी होऊन दाताखाली कडकन वाजली, तेव्हा त्याने तोडणी केली. वाइन झाली ती त्या हवेसारखीच. वाईट नव्हती, थोरही नव्हती.

महाराज डोळे चोळत उठले आणि त्यांनी पेला तोंडाला लावला.

"वा! आमची मेहनत उतरली आहे हो यात!"

साऱ्या दरबाराने जांभया देत माना डोलावल्या. झिपरूनेही डोलावली. निद्रा खात्याला तिथल्या तिथे दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली. घरी जाऊन ही बातमी सांगताना झिपरूच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं, आणि ठमाबाईने त्या दिवशी गोडाचं केलं.

तात्पर्य : राज्यकर्त्यांना चांगल्या पिकाचं खरं कारण कधीही सांगू नये. ते लगेच कामाला लागतात.